मोटार कोणाची

धाकटी बहीण विधवा झाली आणि दिरांनी तिला घर सोडायला सांगितलं. तिनं दावा लावला, कोर्टाचा तात्पुरता मनाई हुकूम मिळाला. तो होता तोवर तिला कोणी बाहेर काढू शकत नव्हतं. प्रत्येक तारखेला मी नागपूरहून बसनं जायची. फाइल, डबा, तिची बीपीची गोळी, सगळं आदल्या दिवशीच पिशवीत.

कोर्टाची इमारत शेजारच्या दोन तालुक्यांनी मिळून उभी केलेली. देखभालही वाटून घेतलेली: वीज आणि झाडझूड एका तालुक्याच्या नगरपंचायतीकडे, पाणी दुसऱ्याच्या. बोअरची मोटार जळेपर्यंत ठीक चाललं. मग मोटार विजेत धरायची की पाण्यात, हे ठरेना. टाकी कोरडी, म्हणून बायकांचा संडास बंद.

मी शिपायाला विचारलं, तर म्हणाला, "मले काहून विचारता बाई? इकडचे म्हणतात तिकडची, तिकडचे म्हणतात इकडची. दोन घरचा पाहुणा उपाशी."

मी दोन्हीकडे अर्ज दिले. काही हाललं नाही.

तारखेच्या दिवशी बहीण सकाळपासून पाणी पीत नसे. त्या दिवशी दुपारी मात्र म्हणाली, "ताई, आता नाही होत वं."

"जा. मी बसते इथं."

बसस्टँडपर्यंत चालत जावं लागे. ती गेली आणि तिच्या नावाचा पुकारा झाला. मी उभी राहिले. "आली आहे साहेब, जरा बाहेर गेली."

"वकील?"

वकील दुसऱ्या कोर्टात होते. मागच्या दोन तारखांनाही नव्हते.

"बाहेर म्हणजे कुठे?"

भरल्या खोलीत, तिच्या दिरांसमोर मी सांगितलं, "लघवीला." मागे कोणीतरी हसलं. साहेबांनी मधे एक प्रकरण घेतलं, पुन्हा पुकारा झाला. मग गैरहजेरीमुळे दावा काढून टाकला. त्याबरोबर हुकूमही गेला.

वकील संध्याकाळी फोनवर म्हणाले, "अर्ज करू, दावा परत उभा राहतो. वेळ लागेल."

दिरांनी वेळ लावला नाही. दोनच दिवसांनी तिचं सामान अंगणात होतं आणि थोरला दीर दारात खुर्ची टाकून बसलेला. "कोर्टानंच तं सांगितलं," तो मला म्हणाला. "आमी काय केलं?"

मी मालवाहू ऑटो बोलावला. काय बसेल ते ठरवलं: गादी, कुकर, कपड्यांची पेटी, शिवणयंत्र.

"यंत्र राहू दे ताई," बहीण म्हणाली. "परत यायचंच आहे न मले."

मी ड्रायव्हरला हात लावायला सांगितलं आणि यंत्र आधी चढवलं.