नाव तेवढं तू सांग

आमच्या थोरल्या जाऊबाईंइतकी पुढारलेली आणि तितकीच अडेलतट्टू बाई अख्ख्या बोरिवलीत दुसरी नसेल. मी त्यांना वहिनी म्हणते. त्या बरोबर आमच्या वरच्या मजल्यावर राहतात, म्हणजे मला सुटका नाही. बावन्नाव्या वर्षी त्या स्कूटर शिकल्या. आता अठ्ठावन्नाव्या वर्षी समोरच्या मैदानात बायकांना शिकवतात, साडी खोचून, हेल्मेटखाली गजरा माळून. "ब्रेक दाब गं, देवाला कशाला हाका मारतेस!" हे आमच्या गॅलरीत रोज ऐकू येतं. नव्या सुनांना तर आधीच बजावतात, "लायसन्स हातात येईपर्यंत सासूला पत्ता लागू देऊ नकोस."

आणि हीच बाई नवऱ्याचं नाव घेत नाही! नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं सासूबाईंनी लग्नात सांगितलं होतं. उखाण्यात घेतलेलं चालतं म्हणे. बँकेत वारसाचं नाव विचारलं, तर यांनी काउंटरवरच सुरू केलं, "रांगेत उभी तासभर, पाय गेले दुखून, वसंतरावांचं नाव घेते, घ्या फॉर्मवर लिहून." मागच्या रांगेने टाळ्या वाजवल्या. पार्सलवाल्याने नाव विचारलं की जिन्यातून हाक येते, "अगं, नाव तेवढं तू सांग!" की मी कणकेच्या हातांनी वर. 'वहिनींशी बोलायच्या गोष्टी' या माझ्या यादीत हा विषय कायम पहिला. बोललेही एकदा. "मला रिस्क घ्यायची नाही," म्हणाल्या.

मागच्या श्रावणात भाऊजींनी मधुमेहाची गोळी घेतली आणि सोमवार म्हणून जेवले नाहीत. दुपारी साखर उतरून बेशुद्ध. हॉस्पिटलात फाइल, औषधांची यादी, सगळं माझ्या हातात तयार होतं. सलाइन लावून डॉक्टरीणबाई वहिनींना म्हणाल्या, "काकू, हाक मारा त्यांना."

"अहो! अहो, ऐकलंत का?"

वॉर्डातल्या तीन पुरुषांनी माना वळवल्या. भाऊजी हलले नाहीत.

"नावाने मारा, काकू! जोरात!"

वहिनींचे ओठ नुसतेच हलत होते. उखाणा शोधत होत्या, सापडत नव्हता. मीच हाक मारायला तोंड उघडलं, तर त्यांनी माझं मनगट आवळून धरलं.

"वसंता! ए वसंता! ऊठ!"

भाऊजींनी डोळे किलकिले केले. "काय गं, गेलो की काय मी?"

"नाव घेतलं हो मी तुमचं," वहिनी रडत म्हणाल्या. "नुसतंच घेतलं."

भाऊजी आता ठणठणीत आहेत. परवा पार्सल आलं आणि जिन्यातून तीच हाक आली. मी गॅस बंद केला, वर गेले आणि नाव सांगितलं. तोंडाशी आलेलं बाकी सगळं गिळलं.