तिसरी हाक

कोर्टाच्या दारात नावं पुकारून शिपायाने जन्मभर घसा फोडला, आणि आता नाटकवाल्यांनी त्याला नाटकातही तेच पुकारायला लावून त्या हाकांनाच तिकीट लावलं! जुना खटला त्याच कोर्टात, खऱ्या बाकांवर प्रेक्षक बसवून दाखवायचा होता. मालकाच्या खुनासाठी एका स्वयंपाक्याला फाशी झाली होती. खुनाच्या वेळी तो बिचारा शिंप्याच्या दुकानात बसला होता, पण शिंपी साक्षीला फिरकलाच नाही.

हा शिंपी म्हणजे शिपायाचा सख्खा आजोबा. मालकाच्या मुलांना घाबरून तो त्या दिवशी घरात कडी लावून बसला होता. घरात सगळ्यांना ठाऊक, पण बोलायची कुणाची छाती नव्हती.

"साक्षीदार शिंपी हाजिर हो!" शिपायाने दोनदा पुकारलं. तिसऱ्या हाकेलाही कुणी आलं नाही की साक्षीदार गैरहजर, हा कोर्टाचा शिरस्ता. तिसऱ्या हाकेला त्याचा आवाज फाटला. तो तडक आत गेला आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिला.

"हाजिर आहे साहेब. स्वयंपाकी माझ्याच दुकानात होता."

न्यायाधीश झालेला नट गडबडला. मग त्याने शिपायाच्या तोंडाकडे बघत, पाठ केलेलं वाक्य म्हणून टाकलं, "साक्षीदार गैरहजर."

आणि स्वयंपाक्याला पुन्हा फाशी झाली.