भिंतीची वरची बाजू

बाळाराम विशे मला पहिल्यांदा दिसले तेव्हा ते डोळखांबच्या रस्त्याकडेच्या कातळाला जीभ लावून उभे होते. आम्ही आठजण जीपमधून उतरून त्यांच्याकडे बघत होतो. त्यांनी जीभ काढून घेतली, खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसलं आणि म्हणाले, "ह्यो पानी पीत नाय." मग वाकून त्याच कातळाच्या खालच्या तांबड्या थराला जीभ लावली. ती क्षणभर तिथे चिकटली. "ह्यो पितो. आता तुमी."

आठांपैकी सातांनी दूर माहुलीच्या सुळक्यांकडे बघायला सुरुवात केली. डोंबिवलीच्या एका बाईंनी मात्र डोळे मिटून जीभ टेकवली आणि आश्चर्याने म्हणाल्या, "चिकटते हो." बाळारामनी मान डोलावली. त्या दिवसापुरता त्यांचा पट्टशिष्य ठरला होता.

सहलीचं नाव 'लाव्हाच्या वाटेवर'. पत्रकात 'साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या अग्नितांडवाचे साक्षीदार व्हा' असं आवाहन होतं आणि त्याखाली बारीक अक्षरांत नाश्ता व जेवण समाविष्ट असल्याची नोंद. ही सहल चालवणारा निनाद हा ठाण्याचा तिशीतला तरुण. त्याच्या विजारीला इतके खिसे होते की मोबाईल वाजला की तो कुठल्या खिशात आहे हे शोधेपर्यंत वाजायचा थांबे. त्याच्या लेखी सहलीतली प्रत्येक गोष्ट हा 'एक्सपीरियन्स' होता. आसनगाव स्टेशनाबाहेरचे पोहेसुद्धा. बोलायचं काम त्याने स्वतःकडे ठेवलं होतं आणि बाळारामना 'स्थानिक जाणकार' म्हणून सोबत घेतलं होतं. व्यवहारात उलटं होई. निनाद बोले आणि लोक बाळारामकडे बघत.

बाळारामनी चाळीस वर्षं विहिरी खणल्या होत्या. शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात कुठल्या गावाखाली कोणता दगड आहे हे ते सोयरिकी सांगाव्यात तसं सांगत. दगडांबद्दल त्यांची मतंही माणसांबद्दल असावीत तशी होती. "काळा पाषाण म्हंजे मामलेदार. कवाड ठोका, आत कोन हाय ते कळत नाय." भोकाभोकांच्या मांजऱ्या दगडावर त्यांचा जीव होता. "ह्यो गरीब. अंगभर भोकं, पन पोटात कायतरी ठेवतो." तांबड्या थराबद्दल ते म्हणत, "दोन भांडणांच्या मधला वेळ हाय ह्यो. एक रस आला, निवला. मंग लय वरसं कोन फिरकला नाय. ऊन लागलं, पाऊस लागला, त्याची माती झाली. मंग दुसरा आला नि त्यानं तिला भाजली." याच गोष्टीला निनादच्या पत्रकात दीड परिच्छेद लागला होता, आणि तो वाचून मला काहीच कळलं नव्हतं.

दुपारच्या जेवणाआधी निनाद सगळ्यांना मुरबाडच्या रस्त्यालगत एका मोठ्या गोल खड्ड्याच्या काठावर नेई. तिथे त्याने स्वतःच्या खर्चाने पाटी लावली होती: 'ज्वालामुखीचे मुख'. पहिल्याच खेपेला आमच्यातल्या एकाने बाळारामना विचारलं, "इथूनच बाहेर आला का लाव्हा?"

"हितनं खडी बाहेर आली," बाळाराम म्हणाले. "रस्त्याला. खान हाय ही. म्याच फोडली."

निनाद घाईघाईने म्हणाला, "काका, म्हणजे प्रतीकात्मक मुख."

"तोंड असतं कुठं त्याला?" बाळाराम शांतपणे म्हणाले. "चैतात भाताच्या खाचराला भेगा जातात, तशी जमीन उलली. कोस कोस लांब. त्या भेगंतनं वर आला. शेवटचा घास भेगंतच राह्यला नि थिजला. जेवान झाल्यावर दाखवतो."

ती थिजलेली भेग म्हणजे डोळखांबच्या पलीकडच्या एका पाड्याच्या उतारावरची दगडी भिंत. कुणी बांधली असावी इतकी सरळ, काही ठिकाणी कमरेइतकी वर आलेली, बाकी मातीत बुडालेली. सहलीतलं खरोखर बघण्यासारखं काही असेल तर ते हे होतं. पण बाळाराम तिथे थांबत नसत. भिंत ओलांडून उताराखाली साठ-सत्तर पावलांवर एका विहिरीपाशी ते सगळ्यांना नेत. चव्वेचाळीस फूट खोल, कडा सुबक तासलेल्या, तळाशी सुकलेला पाला आणि एक फुटकी बादली.

"ही माजी चूक," ते म्हणत. "पानी डोंगरावरनं जमिनीच्या पोटातनं खाली येतं. भित आडवी. पानी भितीच्या वरच्या अंगाला थांबतं. म्या खालच्या अंगाला खनली. हितं भित मातीखाली हाय, मना दिसली नाय."

एवढं सांगून ते दोन पावलं मागे सरत, म्हणजे लोकांना आत वाकून बघता यावं. निनाद घड्याळाकडे बघे. सहलीचा शेवट सूर्यास्त बघत व्हावा अशी त्याची योजना होती. कोरड्या विहिरीवर ती सहल संपली की लोक परतीच्या वाटेवर गप्प बसतात, आणि गप्प बसलेले लोक चांगला अभिप्राय लिहीत नाहीत, असा त्याचा अनुभव होता. "काका, विहीर वगळा," असं तो दर रविवारी सांगे. बाळाराम दर रविवारी "बरं" म्हणत आणि विहिरीकडे चालू लागत.

तिथे चांगुणाबाई भेटत. पाड्यातल्या सत्तरीच्या, काटक, दोन हंडे डोक्यावर आणि बोलायला तोंड मोकळं. पाणी आणायला पाड्याच्या बायका अजूनही खालच्या ओढ्यापर्यंत उतरत होत्या.

"काय रे बाळाराम, आणलास का आज बी मानसां?"

"आणली गो वहिनी."

"दाखव, दाखव. गडावरची तोफ दाखवतात तशी दाखव." मग आमच्याकडे वळून, "आमी उन्हाळाभर घमेली उचलली हिच्यापायी. ह्यो वरनं सांगायचा, वहिनी, पुढल्या सुरुंगाला लागंल."

बाळाराम तळाच्या फुटक्या बादलीकडे बघत.

मी त्या हिवाळ्यात तीनदा त्या सहलीला गेलो. दुसऱ्या खेपेला एक गोष्ट माझ्या लक्षात आली. सकाळी जीपमध्ये बसल्या बसल्या बाळाराम प्रत्येकाला काय काम करता ते विचारत. बँकेत, शाळेत, दुकानात, असं उत्तर आलं की "बरं, बरं" म्हणून पुढच्याकडे वळत. मला तो खेडवळ अगत्याचा भाग वाटला होता. जेवणाच्या वेळी मी त्यांना छेडलं तेव्हा त्यांनी भाकरीवरून नजर न उचलता सांगितलं. पाड्याला नवी विहीर मंजूर झाली होती. पाणीपुरवठ्याच्या साहेबांनी येऊन जुन्या विहिरीशेजारीच फक्कीने गोल आखला होता, कारण तिथवर गाडी जाते.

"भितीच्या खालीच पुन्ना?"

"खालीच. म्या साहेबाला सांगितलं. तो बोलला, ती बाजूची कोरडी तुमचीच का? मंग मी काय बोलणार?" थोडं थांबून म्हणाले, "पाड्यात बी माजा कोन ऐकत नाय. ऐकणार बी कसा? म्हनून ह्या गाडीत बसतो. आठवड्याला आठ शिकलेली मानसां येतात. त्यातला एक तरी दगडाचा निघंल."

निनादला वाटत होतं की त्याने एक स्थानिक जाणकार मिळवला आहे. प्रत्यक्षात त्या जाणकाराने निनादची सगळी सहलच कामाला लावली होती.

जानेवारीत तो माणूस निघाला. निघाली, म्हणायला हवं. पेठेबाई पुण्याच्या, आयुष्यभर भूशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. सकाळी त्यांनी कातळाला कोणी न सांगता जीभ लावली तेव्हाच बाळाराम सरळ होऊन उभे राहिले. खाणीच्या काठावरची पाटी बाईंनी वाचली, निनादकडे एकदा बघितलं आणि निनाद त्या दिवशी पुढे फारसं बोलला नाही. भिंतीपाशी मात्र बाई तासभर होत्या. काठी टेकत वर गेल्या, खाली आल्या, मातीत बुडालेल्या भागावर पावलं मोजली.

"विशे, पाण्याची हमी मी देत नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "पण भिंत तुम्ही म्हणता तिथेच जाते. मी असते तर वरच्या बाजूला खणलं असतं."

त्यांनी तसं एका कागदावर लिहून सही केली. साहेब कागदाला नाही म्हणाले नाहीत. पाड्याने एकमताने अर्ज दिला तर जागा बदलू, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे सगळं पुन्हा चांगुणाबाईंच्या दारात आलं; पाड्यात शब्द चाले तो त्यांचाच.

फेब्रुवारीत पाड्याची बैठक झाली तेव्हा बाळारामनी मला बोलावून घेतलं. कागद वाचून दाखवायला माणूस हवा होता. मी तो वाचला, जरा जास्तच आवाज चढवून. आंब्याखाली बसलेल्या पंचवीस-तीस माणसांनी तो ऐकला आणि चांगुणाबाईंकडे पाहिलं.

"कागद ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "मागल्या येळंला कागद नव्हता, ह्यो बोलला ते ऐकला. आता कागद हाय. पन मानूस तोच."

"तोच हाय," बाळाराम म्हणाले.

"बारा सुरुंग ऐकले आमी. दर येळंला, पुढल्याला लागंल. लागलं?"

बाळारामनी हातातल्या काटकीने मातीत एक रेघ ओढली. मग म्हणाले, "पंचवीस फुटांवरच मना कळलं व्हतं."

रविवारच्या गाडीतल्या लोकांना हा भाग त्यांनी कधी सांगितला नव्हता. भिंत दिसली नाही एवढीच चूक ते कबूल करत आले होते, आणि ती चूक तशी कुणाचीही होऊ शकली असती.

"काय कळलं व्हतं?"

"दगडाचा आवाज बदलला. मामलेदार लागला. भितीच्या खाली हाव, हितं पानी नाय, ते तवाच कळलं."

"मंग पुढले एकोणीस फूट?"

"लाज वाटली. तुमी बाया घमेली उचलत व्हत्या. थांबा बोललो असतो तर..."

चांगुणाबाईंनी कमरेची चंची काढली, पान लावलं, चुना जास्त झाला म्हणून थोडा पुसला. एवढ्या वेळात मी हातातल्या कागदाची घडी चार वेळा घातली आणि उलगडली.

"आता वाटत नाय का लाज?"

"वाटते गो. पन तुमी पुन्ना खालीच खनाल, त्याची भीती जास्ती वाटते."

"इतकी वरसां मी ह्याला बोल लावते, तो फुकटचा," त्या बाकीच्या बायकांना म्हणाल्या, "मी समजत व्हते, ह्याला दगडातलं कळत नाय. कळत व्हतं मेल्याला." मग माझ्याकडे वळल्या. "लिवा हो तुमी. वरच्या अंगाला. अंगठा कुठं करायचा ते सांगा."

मार्चमध्ये काम सुरू झालं. भिंतीच्या वर, बाळारामनी पहार रोवली त्या जागी. ते रोज काठावर बसत, पण सूचना करत नसत. बावीस फुटांवर मांजऱ्या दगड लागला, त्याच्या भोकांतून पाझर सुटला आणि पाड्यातल्या पोराटोरांनी ओरडून डोंगर डोक्यावर घेतला. बाळाराम म्हणाले, "वैशाख सरू दे." त्यांनी गूळ वाटू दिला नाही. एप्रिलभर ते दोन दिवसांआड काठाला येऊन दोर सोडत, ओला भाग हाताने मापत आणि परत जात. वैशाखाच्या अखेरीस चांगुणाबाईंनीच दोर त्यांच्या हातातून ओढून घेतला.

"दीड परस पानी हाय, उभा मानूस बुडंल. मी सकाळी मापलं. जा आता घरी."

ते गेले.

पावसाळ्यापूर्वी उद्घाटन झालं. एका मान्यवरांनी फीत कापली, दुसऱ्यांनी जलसंकल्पाची शपथ दिली आणि तिसऱ्यांनी पहिल्या दोघांचे आभार मानले. संगमरवरी फरशीवर अकरा नावं आहेत. त्यातलं एकही कधी त्या उतारावर चढलेलं मी पाहिलं नव्हतं. बाळारामांचं नाव नाही. पेठेबाईंचंही नाही. चांगुणाबाईंना पुढे बसवलं होतं, पण भाषणं लांबली तशा त्या हंडा भरून निघून गेल्या.

दिवाळीनंतर निनादने सहली पुन्हा सुरू केल्या. पहिल्या रविवारी मी मुद्दाम गेलो. शहापूरच्या एसटी स्टँडवर बाळाराम भेटले, पण ते आमच्या जीपमध्ये बसायला आले नव्हते. निनाद त्यांना समजावत होता. त्याच्या हातात नवं पत्रक होतं. कोरड्या विहिरीवर आता त्याचा काहीच आक्षेप नव्हता. उलट नव्या विहिरीचा त्यात फोटो होता आणि खाली मथळा, 'एका जाणकाराच्या जिद्दीची कहाणी'.

"काका, आता तर खरी मजा आहे. आधी कोरडी दाखवायची, मग भरलेली. लोक टाळ्या वाजवतील. तुम्ही फक्त उभं राहायचं."

बाळारामनी पत्रक लांब धरून पाहिलं. फोटो बराच वेळ पाहिला. मग नीट घडी करून त्याला परत दिलं.

"चुकलेली दाखवायला मी लागत व्हतो रे," ते म्हणाले. "नाय तर लोकांना वाटलं असतं, दगडच वाईट. बरोबर आली तिथं माजं काय काम? पानी दिसतंय की."

डोळखांबची गाडी लागली होती. ते दाराशी गेले, आधी एका बाईचा भाजीचा हारा वर चढवून दिला आणि मग स्वतः चढले.