डाव्या मागाची मोटर

श्रीपत बिऱ्हाडेला कुणी ‘मिस्त्री’ म्हटलेलं राघो मिस्त्रीला खपायचं नाही.

“मिस्त्री? हा?” ठाकोरशेठच्या माग-शेडच्या दारात बसून, ओठातली विडी न काढता राघो म्हणायचा. “आमच्या घरात आज्यापणज्यापासून रंधा चालतो. ह्याच्या बापानं कधी रंधा पाहिला होता का?”

“नव्हता पाहिला!” श्रीपत आतून ओरडायचा. “तुमच्या आज्यापणज्यानं ओट्यावर चढू दिलं असतं तर पाहिला असता!”

श्रीपतचा आवाज मोठा होता. शंभर मागांच्या खडखडाटात तो ऐकू जायचा. पारोळ्याकडच्या बौद्धवाड्यातला हा माणूस भुसावळला रेल्वेच्या डब्यांच्या दुरुस्तीवर हंगामी कामगार होता, तिथं सुतारांच्या हाताखाली राबता राबता सुतारकाम शिकला, आणि हंगाम संपल्यावर बायकोला, चंपाबाईला, घेऊन सुरतेत लिंबायतला आला. ठाकोरशेठच्या शेडमध्ये दोन सुतार होते. राघो आणि श्रीपत. काम दोघांचं एकच: मागांचे लाकडी भाग तुटले की नवे करून बसवायचे. पण पाण्याचा माठ राघोचा वेगळा. हे साल एकोणीसशे एकोणसत्तर होतं, आणि शेड सरकारी कायद्यानं चालत होती, असं म्हणतात.

पाळी संपल्यावर श्रीपत तसबिरींच्या चौकटी करायचा. लिंबायतमध्ये तेव्हा घराघरात एकच मागणी होती. बुद्धाची तसबीर, बाबासाहेबांची तसबीर, आणि तिला साजेशी सागवानी चौकट. चौकटीला मागून काच बसायला खाच लागते आणि पुढून नक्षीची गोलाई लागते. हातानं रंधा मारत एकेक पट्टी काढताना श्रीपतचे खांदे भरून यायचे.

“भुसावळच्या वर्कशॉपात एक यंत्र होतं,” तो चंपाबाईला सांगायचा. “टेबलाला मधोमध भोक. भोकातून कटर वर आलेला, खाली मोटर. लाकूड नुसतं सारायचं. सर्रकन खाच पडते!”

“मग आणा ना ते.”

“आणा म्हणे! ते काय वांगं आहे?”

“मग करा. रेल्वेवाल्यांनी काय आईच्या पोटातून आणलं होतं?”

झालं. तेव्हापासून टेबल सुरू झालं.

अडुसष्टच्या पुरात तापीचं पाणी शेडमध्ये शिरलं होतं आणि मागांच्या कितीतरी मोटरी गाळात गेल्या होत्या. त्यातली एक ठाकोरशेठनं गेटाबाहेर उकिरड्यावर फेकली. श्रीपतनं विचारलं, “शेठ, ही नेऊ?” शेठ म्हणाला, “लई जा ने, कचरो ओछो थाय!” तेवढाच कचरा कमी. श्रीपतनं ती नेली. मोटर बांधणाऱ्या एका कारागिराला दुकानाची फळ्यांची मांडणी करून दिली, बदल्यात त्यानं आतली तार नव्यानं गुंडाळून दिली. कटर जुन्या कानशीच्या पोलादातून घासून काढला, दोन पात्यांचा. पाय सागाचे. वरची फळी पहिल्यांदा साधी टाकली, ती पावसाळ्यात फुगून वाकली. मग जाड फळीवर सनमायका चिकटवला. मोटरीला मोठं चाक, कटरच्या दांड्याला छोटं चाक, दोन्हींवर पट्टा. लाकूड टेकवायला एक आडपट्टी. आणि फळीवर लाकूड अडू नये म्हणून चंपाबाईनं मेणबत्ती घासून दिली.

पहिली पट्टी काढून घरी आणली तेव्हा चंपाबाईनं खाचेतून बोट फिरवलं.

“लोण्यासारखी आहे हो.”

“आता म्हण मिस्त्री!”

“मी कशाला म्हणू? मी रोज तुमच्या पायातली कुसळं काढते.”

एकच अडचण होती. असल्या मोटरीला तीन तारांची वीज लागते, आणि श्रीपतच्या खोलीत तर साधा बल्बसुद्धा नव्हता. म्हणून टेबल शेडच्या कोपऱ्यात ठेवावं लागलं. ठाकोरशेठ लगेच तयार झाला, कारण बदल्यात शेडच्या लाकडांच्या खाचाही त्याच टेबलावर निघणार होत्या. वर्षभरात शेठ पाहुण्यांना सांगायला लागला, “आ अमारुं मशीन!” अमारुं! श्रीपत दात ओठ खायचा आणि गप्प बसायचा. वीज शेठची होती ना.

निंबा ह्याच शेडमध्ये विणकर. श्रीपतचा शेजारी, खानदेशचाच, घरी अहिराणी बोलणारा. राघोच्या माठातलं पाणी पिणारा, पण श्रीपतच्या घरी भाकरी खाणारा. त्याला ह्या टेबलाचं फार वेड. श्रीपतनं त्याला शिकवलं होतं.

“हे बघ. कटर आपल्या अंगावर येणारा फिरतो. लाकूड उजवीकडून सारलं की तो ते परत ढकलतो. ढकलतो ना हाताला? ते ढकलणं म्हणजे आपला रखवालदार. ते आहे तोवर हात सलामत.”

“आणि नसलं तर?”

“नसलं तर लाकूड पुढे पळेल आणि तुझा हात त्याच्या मागं.”

त्या वर्षी श्रीपत भावाच्या लग्नाला गावी गेला. जाताना निंबाला म्हणाला, “चार पट्ट्या राहिल्यात. जमलं तर काढून ठेव.”

तो गेला आणि एका मागाची मोटर जळाली.

आता मागांची एक रीत असते. विणकर दोन मागांच्या मधल्या बोळात उभा राहतो आणि दोन्ही सांभाळतो. म्हणून एक माग उजवा असतो, एक डावा, एकमेकांकडे तोंड करून. डाव्याची मोटर उलटी फिरते. त्यासाठी वेगळी मोटर लागत नाही. मोटरीच्या डबीतल्या दोन वायरींची अदलाबदल केली की ती उलटी फिरते. शेडचा वायरमन भिकन हे डोळे मिटून करायचा. जळाली ती डाव्या मागाची होती.

“अल्या भिकन, पेली टेबलनी मोटर छोडी लाव,” ठाकोरशेठ म्हणाला. “लूम बंध पडी छे.”

“शेठ, ती श्रीपतदादाची आहे. त्यांना विचारल्याशिवाय...”

“पूरमां गयेली मोटर मारी ज हती ने!”

फेकताना कचरा होती. आता त्याची झाली.

भिकननं मोटर काढली, डाव्या मागाला लावली, हाताच्या सवयीनं दोन वायरी फिरवल्या. मागाची स्वतःची मोटर दुरुस्त होऊन आली तशी त्यानं श्रीपतची मोटर पुन्हा टेबलाखाली बसवली. वायरी तशाच. मागावर एकदा दिशा लावली की कुणी तिचा पुन्हा विचार करत नाही. मागवाल्या माणसाची ही चूक, दुसऱ्या कुणाकडून झाली नसती.

संध्याकाळी निंबा पट्ट्या काढायला बसला. फळी टेकवली, सारली. कटरनं ती हिसकावून पुढे फेकली आणि निंबाचा उजवा हात तिच्या मागं गेला. अंगठ्याजवळची दोन बोटं गेली. ज्या बोटांनी विणकर तुटलेल्या धाग्याला गाठ मारतो, तीच.

श्रीपत गावाहून परतला तर चंपाबाई दारातच उभी.

“पिशवी खाली ठेवू नका. आधी ऐका. निंबाभाऊंचा हात गेला. तुमच्या टेबलावर. आणि अख्खी शेड म्हणतेय तुमचं टेबल बाधिक आहे. राघो म्हणतो, ज्यानं त्यानं आपल्या जातीचं काम करावं, नाहीतर असं होतं. उद्या सकाळी टेबल फोडून चुलीत घालणार आहेत.”

श्रीपत पिशवी घेऊनच निंबाकडे गेला. दारात निंबाची बायको, मंगलाबाई.

“आले का? बघायला आले? या, बघा! हात बघा त्यांचा!”

“वहिनी...”

“वहिनी म्हणू नका! घरी केलेलं मशीन! कुणी शहाण्यानं हात घातला असता का त्यात?”

आतून निंबाचा आवाज आला, थकलेला. “तू कसाले उना, दादा? कशाला आलास?”

श्रीपत उंबऱ्यात बसला. त्याच्याही मनात तेच आलं होतं, हे कबूल करायला हवं. कटर ढिला राहिला का? आडपट्टी सरकली का? गाडीतून उतरलेला माणूस, तोंडावर पाणी न मारता, स्वतःवरच खटला चालवत होता. आणि बाकी सगळे पोटभर जेवून झोपले होते!

“निंबा, एकच सांग. सारताना लाकूड तुझ्याकडे ढकलत होतं?”

निंबानं डावा हात फळी सारल्यासारखा पुढे नेला. “नही. वढी लिनं. ओढलं त्यानं.”

श्रीपत उठला. “उद्या शेडला ये. वहिनी, तुम्हीपण या. दोष माझा निघाला तर मी चौकटीचा धंदा सोडतो, पण या.”

सकाळी टेबल शेडच्या अंगणात आडवं पडलं होतं. राघो कुऱ्हाड घेऊन तयार. ठाकोरशेठ झोपाळ्यासारखा पाय हलवत खुर्चीवर. दारात विणकर, बोळाबोळातून माना काढून.

“हात लावू नका!” श्रीपत टेबलापुढे उभा राहिला. “आधी चालवून बघू.”

“हजु चलाववुं छे?” शेठ हसला. “एक हात बस नथी?”

“पॉवर द्या, शेठ.”

“नहीं मळे.”

“का नाही मिळणार?” हा आवाज मंगलाबाईचा होता. पदर खोचलेला, मागं निंबा, हाताला पट्टी. आणि त्यांच्याही मागं चंपाबाई, जणू पळून जाऊ नयेत म्हणून. “हात माझ्या माणसाचा गेलाय. कशानं गेला ते मला बघायचंय. तुम्हाला बघायचं नाही का, शेठ?”

शेठ काही बोलायच्या आत शेडमधून एक लांब केबल सरपटत बाहेर आली. ती ओढत होता भिकन. त्याचं तोंड चुन्यासारखं पांढरं झालं होतं. कुणाकडे न बघता त्यानं टेबल उभं केलं, केबल मोटरीला जोडली.

“डबीतल्या वायरी आहेत तशाच ठेव,” श्रीपत म्हणाला. “सगळे बाजूला व्हा. राघोभाऊ, तुम्हीपण. तुमच्या आज्यापणज्याची शपथ, बाजूला व्हा.”

मोटर सुरू झाली. श्रीपतनं फळी टेकवली आणि हातानं नाही, लांब काठीनं सारली. फळी सुटली ती थेट गेटावर जाऊन आदळली. शेठ खुर्चीवरून उठला. श्रीपतनं फळी उचलून सगळ्यांपुढे धरली. खाच नव्हतीच. नुसता काळा, जळका डाग.

“पात्याच्या पाठीनं घासलंय. कटर उलटा फिरतोय!” त्यानं मोटर बंद केली, डबी उघडली, दोन वायरी बदलल्या. पुन्हा सुरू केली. तीच काठी, दुसरी फळी. कटर तिला मागं ढकलत होता आणि भुसा नीट, कुरळा, श्रीपतच्या पायावर पडत होता.

“कुणी फिरवल्या वायरी?”

“मी,” भिकन म्हणाला. “डाव्या मागाला लावली होती, दादा. परत फिरवायचं... ध्यानातच आलं नाही.”

“ध्यानात आलं नाही!” श्रीपतनं त्याची गचांडी धरली. “माणसाचा हात आहे तो! आणि इतके दिवस तू तोंड शिवून बसलास? माझी मोटर डाव्या मागाला लावली कुणी? कुणाला विचारून?”

भिकननं शेठकडे पाहिलं.

आणि ठाकोरशेठ काय म्हणाला असेल? “अरेरे” म्हणाला? निंबाला जवळ बोलावलं? छे!

“जवा दो हवे,” तो म्हणाला. “भूल थई गई. टेबल तो सारुं छे. अंदर मूको. काम चालु करो.”

काल जे चुलीत घालायचं होतं, ते आज ‘सारुं’, म्हणजे चांगलं, होतं!

“शेठ,” श्रीपतनं भिकनला सोडलं. आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. “निंबाला सांगा. तोंडानं सांगा, की मोटर तुम्ही काढायला लावली.”

“हुं शा माटे कहूं? वायर भिकने फेरवी. लाकडुं निंबाए मुक्युं. टेबल तारुं. एमां मारुं शुं?”

त्यात माझं काय. निंबा आपल्या पट्टीकडे बघत होता.

श्रीपतनं केबल काढून फेकली. पट्टा उतरवला, गळ्यात घातला. “निंबा, तुझा डावा हात चांगला आहे ना? उचल तिकडून.”

“माझा माणूस एकटा जड उचलणार नाही,” मंगलाबाई म्हणाली आणि स्वतःच तिसरा कोपरा धरला. चौथा चंपाबाईनं. टेबल गेटातून बाहेर निघालं.

“पाछो न आवतो!” शेठ ओरडला.

“कशाला येऊ? पाणी प्यायला?” श्रीपतनं मान न वळवता विचारलं.

राघो कुऱ्हाड खांद्यावर टाकून उभाच होता. “वायरीचा दोष असेल,” तो कुणाला तरी सांगत होता, “तरी मी म्हणतो...” पुढचं मागांच्या आवाजात बुडालं.

टेबल बरेच दिवस श्रीपतच्या खोलीत पडून होतं. त्यावर पोरं अभ्यास करायची, चंपाबाई पीठ मळायची. चौकटी पुन्हा हातानं निघू लागल्या आणि श्रीपतचे खांदे पुन्हा भरून येऊ लागले. सुरतेतल्या बाकीच्या शेडमध्ये ठाकोरशेठचा निरोप आधीच पोचला होता: तो भांडकुदळ आहे, त्याला ठेवू नका. निंबाला तर कुणीच ठेवेना. दोन बोटं नसलेला विणकर कुणाला हवा? ‘त्यात माझं काय’ म्हणणारे शेठ एका गावात कितीतरी असतात.

गोडादऱ्याला एका पिठाच्या गिरणीमागची पडवी मिळाली ती बऱ्याच वर्षांनी. तिथं तीन तारांची वीज होती. टेबल तिथं गेलं. मालक दोन: श्रीपत आणि निंबा. निंबा उरलेल्या बोटांनी फळी सारतो, डाव्या हातानं दाबतो. मोटर सुरू केली की दोघं आधी एक रिकामा तुकडा काठीनं सारून बघतात. तो मागं ढकलला गेला की मगच हात.

नवीन गिऱ्हाईक आलं की त्याची नजर निंबाच्या हातावर जाते आणि तो हमखास विचारतो, “काय भाऊ, ह्या टेबलानं घेतली का बोटं?”

“टेबलनी नही,” निंबा म्हणतो. “ठाकोरशेठनी.”

गिऱ्हाईक हसतं. त्याला गंमत वाटते. आणि कटरवर वाकलेला श्रीपत, मान वर न करता, दरवेळी ओरडतो:

“मोठ्यानं सांग, निंबा! मशीन चालू आहे.”