जंगली घोडे आणि पिशवीभर पोळ्या

जानेवारीतल्या एका रविवारी पहाटे जपानमधल्या ओजिमाच्या आमच्या बिल्डिंगमधून दोन माणसं निघाली. एकाच्या खांद्यावर तान्ह्या बाळाच्या वजनाची लेन्स होती, तो मी. दुसरीच्या हातात फ्रीजरमधून काढलेल्या पोळ्यांची पिशवी होती, ती माझी आई. बायकोनं "तुम्ही दोघं या जाऊन" म्हणत सुज्ञपणे अंग काढून घेतलं होतं.

विमानानं मियाझाकी, पुढे भाड्याच्या गाडीनं दोनेक तास, की समुद्रात घुसलेल्या एका डोंगराळ टोकावर जंगली घोडे दिसतात. एका दिवसात जाऊन परत. हा सगळा खटाटोप फोटोंसाठी, असं मी ऑफिसात सांगितलं होतं. खरं म्हणजे मला आईला पटवायचं होतं. बाबा गेल्यावर मी तिला पुण्याहून तीन महिन्यांसाठी आणलं होतं, आणि तिनं आता इथंच राहावं म्हणून मागे लागलो होतो. तिचं उत्तर रोज एकच, बघू.

मी तिची किती काळजी घेतो, हे सांगायला मला फार आवडतं. आल्या आल्या ती भाजी आणायला गेली आणि दोन गल्ल्या चुकली. पोलिसानं अदबीनं घरी आणून सोडलं. त्या दिवसापासून मी तिचं एकटीनं बाहेर जाणं बंद केलं. भाजी घरी येते, औषधं मी आणतो, कचरासुद्धा मीच टाकतो, कारण त्याचे वार आणि प्रकार तिला झेपणार नाहीत हे मी ठरवून टाकलंय. सोन्यासारखा मुलगा म्हणतात तो असा.

पोळ्यांचं म्हणाल तर तो गोग्रास होता. कोथरूडला आमच्या सोसायटीबाहेर एक बाई गाय घेऊन बसते. पहिली पोळी रोज त्या गाईची, आणि ती द्यायला आई रोज स्वतः चालत जाते. ओजिमात गाय नाही. देवाच्या नावानं काढलेली पोळी जाळायच्या कचऱ्यात टाकायला तिनं साफ नकार दिला, म्हणून ती रोज एक पोळी फ्रीजरमध्ये ठेवू लागली. दोन महिन्यांत आमच्या आइस्क्रीमचा खण पोळ्यांनी बळकावला. घोड्यांचं ऐकल्यावर ती म्हणाली होती की गाय नाही तर घोडा, खाणारं तोंड मिळालं म्हणजे झालं. खायला घालायला तिथे बंदी आहे हे मी तिला तीनदा सांगितलं, तर तिनं पोळीला तूप लावलेलं नाही, असं उत्तर दिलं.

तिथे पोचल्यावर मी कामाला लागलो. वारा असा की डोळ्यांतून पाणी. घोडे बुटके, हिवाळ्यामुळे केसाळ, आणि कमालीचे एकमताचे: मी जिकडे जाईन तिकडे सगळ्यांनी पाठ फिरवायची. तासाभरात माझ्याकडे जपाननं जिवापाड जपलेल्या घोड्यांच्या बुडांचा संग्रह तयार झाला. एक माकड मात्र छान पोझ देऊन बसलं. त्याच्याकडे मी कॅमेरा वळवला तेव्हा लेन्सवर माझ्याच श्वासाची वाफ होती.

मागे वळून पाहिलं तर एक म्हातारी घोडी आईच्या दिशेनं चालली होती आणि आईच्या हातात पोळी होती. तेवढ्यात कुंपणाकडून एक राखणदार आजोबा धावत आले. वाकून नमस्कार केला, दोन्ही हातांची फुली करून दाखवली आणि तिला ओकासान, म्हणजे आई, म्हणून हाक मारून बोलू लागले. मी कान पाडून भाषांतर करत होतो.

आईनं विचारलं, मग थंडीत ही खातात काय. आजोबा म्हणाले, गवत कुठे उरतं ते त्यांना माहीत असतं. हिवाळ्यात बारीक होतात, एखादं म्हातारं जातंही. पण मागे एका घोडीला लोक गाडीतून खायला घालू लागले. ती डोंगर चढायची विसरली. दिवसभर रस्त्याच्या कडेला उभी राहून गाडीचा आवाज ऐकायची. वाईट माणसं नव्हती हो ती, सगळे प्रेमानंच घालायचे, असंही त्यांनी सांगितलं.

एवढं भाषांतर करून मी थांबलो. आईनं पोळी परत पिशवीत ठेवली, पिशवीला गाठ मारली आणि मग माझ्याकडे बघितलं.

"मी काही इथे राहायची नाही रे," ती म्हणाली. "दुपारी चारपासून मी दारापाशी उभी असते, लिफ्टचा आवाज ऐकत."

आजोबांनी विचारलं, ओकासान काय म्हणाल्या. कावासाकीच्या ऑफिसात रोज क्लायंटची वाक्यं इकडून तिकडे करणारा मी, तिचं वाक्य काही तिकडे नेलं नाही. आईला तुमचं म्हणणं कळलं, एवढंच कसंबसं म्हणालो. मला फार वाईट वाटत होतं, आणि तिच्या बोलण्यात खोडून काढावं असं काही नव्हतं.

परत निघालो. तिच्यासाठी गाडीचं दार उघडावं म्हणून मी लेन्स सावरत पुढे धावलो. तोवर तिनं ते उघडलं होतं आणि आत बसून स्वतःचा पट्टाही लावला होता.