काशीच्या पोटाला कान

शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात मी मिरच्यांचा भाव करत होते, तेव्हा कोल्हापूरहून मालनच्या भावाचा फोन आला. "वहिनी, ताई गेली. सकाळी छातीत दुखलं, दवाखान्यापर्यंतही पोचली नाही… आणि घोडीचं काय करायचं?" एका दमात. मला राग आला नाही. मालन असती तर तिनेही आधी हेच विचारलं असतं. मी मिरच्या घेतल्या, पेडण्याची बस पकडली आणि घरी येऊन त्या घोडीला, काशीला, पाणी दाखवलं.

मालन घोडेस्वारी शिकवायची. किनाऱ्यावरच्या एका हॉटेलने तिला हंगामापुरतं बोलावलं, पण तिच्या घोडीला जागा दिली नाही, म्हणून आमचा रिकामा गोठा तिने भाड्याने घेतला. काशीला ती ड्रेसाजसाठी तयार करत होती. त्यात घोडं पळवायचं नसतं. ते तालात, आडवी-तिरपी पावलं टाकत चालतं आणि स्वाराचा इशारा कुणाला दिसता कामा नये. भात कापलेल्या आमच्या शेतात रोज सकाळी हे चालायचं. "नाचवायचीच तर लग्नात ने," मी म्हणायचे. "तुमच्या लग्नात न्हवती, म्हणून जळताय," ती म्हणायची. संध्याकाळी ती काशीच्या बरगडीमागे बोट टेकवायची. काशी एक पाऊल आडवी सरकून जागा करायची आणि मालन तिच्या पोटाला कान लावायची. घोड्याला ओकता येत नाही. आतडं थांबलं की घोडं संपलं. "पोट बोलतंय तोवर काळजी न्हाई."

पुण्याच्या स्पर्धेला न्यायला ट्रक यायचा होता, त्याच सकाळी पोट बोलेना. काशी पायाने जमीन उकरत होती, घामाने निथळत होती, मान वळवून पुन्हा पुन्हा कुशीकडे बघत होती. गव्हाणीला आंबूस वास. काजूचे बोंडू मळून रस काढला की उरलेला चोथा आमच्या भागात गाईंना घालतात. सासूबाईंनी टोपलीभर काशीपुढे ठेवला होता. "गावाक चल्ली ती, उपाशी कशी धाडूची?" त्या म्हणाल्या आणि तिथेच खाली बसल्या.

काशीला लोळू द्यायचं नव्हतं, लोळलं की आतड्याला पीळ पडतो. मालन पुढून ओढत होती, मी मागून ढकलत होते. डिचोलीहून डॉक्टर आले, त्यांनी तपासलं आणि सिरिंज हातात धरून म्हणाले, "बाई, हे दिलं तर स्पर्धा गेली. तिथे रक्त तपासतात, औषध सापडतं." मालन दोन वर्षं या एका स्पर्धेसाठी खपली होती. "थोडं थांबून बघू या?" तिने विचारलं. मालनने पुन्हा कान लावला… काशीचे पुढचे गुडघे वाकले.

"द्या," मालन म्हणाली.

त्यानंतरही आम्ही काशीला फिरवतच होतो. ट्रक आला तेव्हा मालनचा कान पोटालाच होता. तिने हाताने मला थांबवलं. मग म्हणाली, "बोलली." ट्रकवाल्याला चहा पाजून परत पाठवला. सासूबाई अजून गोठ्यातच बसून होत्या. मालन त्यांच्याजवळ जाऊन बसली. "आज्जी, जनावराच्या पोटाला पाहुणचार कळत न्हाई. पुढच्या वेळी मला वाढा." सासूबाईंनी खरोखरच तिला पेज वाढली.

पुढच्या वर्षी जाऊ, असं ती म्हणत राहिली. भाचीच्या लग्नाला म्हणून दोन दिवसांसाठी कोल्हापूरला गेली, ती तिकडेच… काशीची ती पावलं कुणा परीक्षकाने पाहिली नाहीत.

भावाला मी कळवलं की घोडी विकायची नाही, इथेच राहील. त्याला हायसं वाटलं असावं. मला घोड्यावर बसता येत नाही, या वयात शिकणारही नाही. पण संध्याकाळी गोठ्यात जाऊन काशीच्या बरगडीमागे बोट टेकवते. ती पाय पायावरून नेत आडवी सरकते आणि मान ताठ करून उभी राहते, कुणी बघत असल्यासारखी. मी कान लावते. आत बराच वेळ काही ऐकू येत नाही, तेव्हा मीही श्वास धरून असते. मग गुडगुडतं.

"बोलली," मी सासूबाईंना ओरडून सांगते. त्याशिवाय त्या जेवायला बसत नाहीत.