तात्यांना कापायचं होतं

“तात्याचं तोंड काप,” आबा म्हणाले. “पोरगी तेवढी ठेव.”

जळोचीतल्या आमच्या ऑफिसात स्क्रीनवर फोटो होता वरकुटे गावच्या पैलवान पोरीचा. जिल्ह्यात कुस्ती मारून आली होती. अंगभर गुलाल, दोन्ही हात वर. बसली होती मात्र तात्यांच्या खांद्यावर, आणि तिथंच पंचाईत होती.

आमचं साप्ताहिक म्हणजे पक्षाचं मुखपत्र. मुखपत्राला तोंड असतं, कान नसतात. ते काढलं आबा आणि तात्या या दोघांनी. आबांनी लिहायचं, तात्यांनी इंदापूर तालुक्यात सायकलवरून वाटायचं. पुढं कारखान्याच्या निवडणुकीत तात्या दुसऱ्या पॅनेलमध्ये गेले. तेव्हापासून आमच्या पेपरात त्यांचा फोटो नाही, नावही नाही. गर्दीच्या फोटोत आलेच, तर मी क्रॉप करायचे, म्हणजे कडेनं कापून टाकायचे. पान लावणारीचं ते नेहमीचंच काम.

हा फोटो कडेनं कापता येईना. तात्यांना तेवढं पुसून काढलं, तर पोरगी हवेत तरंगायला लागली. पायांना धरलेले दोन हात तेवढे उरले.

“भुतानं धरल्यासारखी दिसतीय,” मी म्हणाले.

पोरीचे वडील आमच्या पक्षाचे पक्के. आबांनी त्यांना फोन लावला, स्पीकरवर.

“दुसरा फोटो हाय का रं?”

“न्हाय आबा. आन् असता तरी दिला नसता. मी पोरीला तालमीत न्हाय म्हणत हुतो. तात्यांनीच माझ्याशी भांडून घातली तिला. छापायचा तर दोघांचा छापा, न्हायतर ऱ्हाऊ द्या.”

पान प्रेसला जायची वेळ झाली होती. एवढी जिंकून आलेली पोर पेपराबाहेर राहणार, म्हणून माझा जीव तुटत होता. आबांनी स्क्रीनवरच्या त्या दोन हातांवर बोट ठेवलं.

“कंट्रोल झेड कर,” शेवटी ते म्हणाले. कॉम्प्युटरमधलं त्यांना येतं ते एवढंच. केलेलं परत घ्यायचं बटण. “आन् खाली नाव लिही. दोघांचं.”

पेपर निघाला त्याच दुपारी तात्या ऑफिसात हजर. इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच.

“आबा, पोट लई मोठं छापलंस माझं.”

“हाय तेवढंच छापलंय. बस, चहा घे.”

मला फार बरं वाटलं.

राजकारण आहे तसंच आहे. पुढच्या निवडणुकीत दोघं पुन्हा समोरासमोर असतील. पण आता तात्यांच्या बाजूच्या गावांतूनही बातम्या येतात, आणि पानात जागा पुरत नाही म्हणून मी कुरकुर करते.

एक मात्र शिकले. फोटो कापण्याआधी कोण कुणाच्या खांद्यावर बसलंय, ते बघून घ्यावं.